आईची पांढरी साडी

आईने नागपूरहून आपल्या सात जुन्या सुती साड्या माझ्याकडे अमेरिकेत नेपरव्हिलला पाठवल्या. "मी आता गाऊनच घालते. तू यांची गोधडी शिव, नातीला होईल," म्हणाली. तिची पद्धत सरळ होती. साडीला कात्री लावायची नाही. अख्ख्या साड्यांच्या घड्या एकावर एक पसरायच्या आणि हाताने लांब लांब टाके घालत जायचं. मी पडले इंजिनिअर, मला हाताने शिवायला वेळ कुठला? व्हिडिओ बघितले, गोल पात्याचा कटर मागवला आणि एका शनिवारी सातही साड्यांचे चौकोन पाडले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

चौकोन जोडले, आत कापसाचा थर, खाली अस्तर. घरातलं मशीन ते केवढं, सुईच्या उजवीकडे जेमतेम वीतभर जागा. त्यात एवढी मोठी गोधडी सुरळी करून कोंबायची, तिचं ओझं खांद्यावर घ्यायचं आणि दोन्ही हातांनी पुढे सरकवत राहायचं. मान धरायची. पण टीप बारीक आणि एकसारखी पडत होती, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

निम्म्याच्या पुढे गेले आणि आईचा फोन आला. तिच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही.

"त्यातली पांढरी तेवढी परत पाठव गं," ती म्हणाली. "निळ्या काठाची. जाताना मला तीच नेसवा."

दरवर्षी दीक्षाभूमीला ती हीच साडी नेसून जायची. मी "पाठवते" म्हणाले. 

मग उसवायला बसले. विरलेल्या कापडाची बारीक टिपेने चाळण झाली होती, दोरा ओढला की कापड त्याच रेषेवर फाटायचं. आईच्या लांब टाक्यांत ते सुखाने राहिलं असतं. एकेक पांढरा चौकोन फाटून हातात येत होता. आणि धड निघाले असते तरी चौकोनांची साडी कशी होणार? हे कळत होतं, तरी मी उसवत होते. मुलगी दारातून म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हर." मी तिच्यावर खेकसले. काय सांगू? तुझ्या शेवटच्या साडीचे मी पाच-पाच इंचाचे तुकडे केले, म्हणून सांगू?

स्वतः जावं, तर व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं. गेले असते तर परत यायची खात्री नव्हती. आई रोज विचारायची, "निघाली का पांढरी?" मी रोज काहीतरी थाप मारायचे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटी तशीच दिसणारी साडी ऑनलाइन शोधली आणि थेट नागपूरला भावाच्या पत्त्यावर मागवली. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, चार-पाच वेळा धू, मगच तिच्या हातात दे. बिचाऱ्याने आठवडाभर ती धुतली.

व्हिडिओ कॉलवर त्याने साडी आईच्या मांडीवर ठेवली. तिने काठ अंगठ्याने चाचपला, मग पदर, मग पुन्हा काठ. भाऊ खाली बघत होता. 

"चांगली आहे," ती म्हणाली. "नेसवा हीच."

मी सुटले असं वाटलं. तेवढ्यात तिने फोनकडे तोंड वळवलं.

"गोधडीत पांढरी मधोमध लावलीस ना, पोरी?"

मी हो म्हणाले. गोधडी माझ्या मांडीवरच होती आणि पांढरीच्या जागी नुसती भोकं होती.