सोड उस्ताद

उस्तादांची मान ही सरकारी मालमत्ता होती. फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात भरती होऊन आलेल्या प्रत्येक पोरानं गळ्याच्या पकडीचा पहिला धडा त्याच मानेवर गिरवलेला होता. एकेक जण मागून यायचा, भीतभीत हात टाकायचा, आणि उस्ताद डोळे मिटून त्या हाताची कुंडली मांडायचे. "ये हाथ आटा गूँधता है. होस्टेल में रहा है?" "ये ट्रॅक्टर का हाथ है, संभाल के." "और ये? इसने ज़िंदगी में सिर्फ मोबाइल उठाया है." पोरं चाट पडायची. आधी माझा गळा, मग भावाचा, असा त्यांचा नियम होता. कुणाच्या हातात किती जोर आहे हे स्वतःच्या मानेला कळल्याखेरीज ते त्या पोराला दुसऱ्याच्या जवळ फिरकू देत नसत.

मी तेव्हा चंदीगडच्या कडेला असलेल्या त्या केंद्रात नर्सिंग असिस्टंट होतो. औषधांची पेटी, स्ट्रेचर आणि या दोन्हींना सांभाळणारा एक माणूस हजर असल्याखेरीज गळ्याचा वर्ग सुरू करायचा नाही, अशी तिथे शिस्त होती. तो माणूस मी. माझ्या नोकरीतला तो सर्वांत निरुपयोगी काळ. मॅटच्या कडेला स्टुलावर बसायचं, उन्हाबरोबर स्टूल सरकवायचं आणि वर्ग संपला की न उघडलेली पेटी परत न्यायची. उस्ताद मूळचे साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले, मी नाशिकचा. एवढ्या पंजाबी-हरयाणवी गलबल्यात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे माझी थट्टा करण्याचा हक्क त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन टाकला. "काय डॉक्टर, आज बी धंदा न्हाई का? बसा मग. माशा मोजा."

पेटीतलं काही खपायचं तर ते फक्त क्रेप बँडेज, आणि तेही जखमेसाठी नव्हे. अंगठी, घड्याळ, गळ्यातला ताईत, सगळं वर्गाआधी उतरवून टोपीत ठेवायचं असे. पण शीख पोरांच्या हातातलं कडं उतरवायला सांगावं असं उस्तादांच्या मनातही कधी आलं नाही. आणि कडं तसंच राहिलं तर समोरच्याच्या जबड्याला घासणार. मग उस्ताद माझ्याकडून बँडेज मागून घेत आणि कडं कोपराकडे सरकवून त्याला दुपट्यातल्या बाळासारखं गुंडाळून टाकत. "कडा भी खुश, जबड़ा भी खुश." इकडे महिनाअखेरीस माझे साहेब विचारायचे, तुझ्या वर्गात जखमी एकही नाही, मग ही बँडेजं खातोस काय? 

गळा धरायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव 'सोड उस्ताद' पडावं याचं नव्या पोरांना नवल वाटायचं. एरवी ते पोरांशी हिंदीत बोलत, पण धोका दिसला की तोंडातून थेट खटावचं "सोड!" बाहेर पडे, आणि ते होशियारपूरपासून जींदपर्यंत सगळ्यांना समजे. त्यांचं म्हणणंच होतं, "पकडायला काय, माकडाला बी येतं. सोडायला मानूस लागतो." त्यामुळे त्यांच्या वर्गात पकड नंतर यायची, सोडणं आधी. दाब द्यायचाच नाही, नुसता हात कुठे येतो ते शिकायचं. ज्याचा गळा हातात आहे त्याने दोन थापा दिल्या, अंगावर, मॅटवर, कुठेही, की पकड सुटली पाहिजे. शिवाय प्रत्येक जोडीला एक तिसरा पोरगा. त्याने फक्त पकडलेल्याचा चेहरा बघायचा. चेहरा बिघडला आणि थाप आली नाही, तर त्याच्या वतीने तिसऱ्याने थाप द्यायची.

सांगायला सोपं. पण ही पोरं म्हणजे फौजेची पोरं. हुकमाशिवाय हलायचं नाही, हुकमाशिवाय बसायचं नाही, हे आधीच्या आठवड्यांत त्यांच्या हाडीमांसी खिळवलेलं असे. मग पहिल्या वर्गात व्हायचं ते असं: पकडलेला बिचारा मॅटवर धपाधप थापा देतोय, आणि पकडणारा, हात तसाच ठेवून, सावधान चेहऱ्याने उस्तादांकडे बघतोय. "अबे, छोड़ता क्यों नहीं?" "उस्ताद, हुकुम नहीं मिला." यात सगळ्यांवर कडी करणारा होता तो जींदकडचा एक आडदांड पोरगा, ज्याला उस्तादांनी पहिल्या दिवशी 'ट्रॅक्टर' ठरवलं होतं. मनाने गाय. पण थाप आली की मान वळवून उस्तादांकडे बघायचाच. उस्तादांनी त्याच्या जोडीला तिसरा म्हणून दिला होता 'सुतळी', होशियारपूरचा काटकुळा पोरगा. दोघांना समोर बसवून उस्ताद पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे, "थपकी के टाइम जनरल कौन?" "थपकी वाला, उस्ताद!" "मैं कौन?" "कोई नहीं, उस्ताद!" हे शेवटचं उत्तर आलं की त्यांना फार समाधान वाटायचं.

आमच्या कॅप्टनसाहेबांना मात्र ते अजिबात वाटत नव्हतं. तरुण, तडफदार माणूस. एका सकाळी येऊन त्यांनी वर्ग बघितला आणि म्हणाले, "उस्ताद, इतने हफ़्तों में आपने सिर्फ छोड़ना सिखाया है?" पाठोपाठ बातमी आली की मोठे साहेब, साक्षात जनरल, पाहणीला येणार आहेत आणि त्यांना गळ्याच्या पकडीचं प्रात्यक्षिक दाखवायचं आहे. ते फिकं पडलं तर हा वर्ग दुसऱ्या, जरा जोरकस उस्तादाकडे जाणार आणि आमच्या उस्तादांनी निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत काढायचं. ऐकून उस्ताद नुसते हसले. पण त्या दिवशी त्यांनी माझी थट्टा केली नाही, तेव्हाच मी ओळखलं की घाव बसलाय. मॅट काढून घेतली तर हा माणूस जिवंत राहील, पण नुसता जिवंतच राहील.

मग त्यांनी तालीम मॅटच्या बाहेर काढली. कुठेही, कधीही, पोराच्या खांद्यावर मागून दोन थापा. हातात असेल ते त्याने सोडलंच पाहिजे, आणि उस्तादांकडे न बघता. केंद्रात दिवसभर पेले, चमचे, बादल्या, बूट पडल्याचे आवाज येऊ लागले. पोरं इतकी तयार झाली की एका रविवारी दोघं जण खिरीचं पातेलं उचलून नेत असताना लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, सरदारजी आचाऱ्याने मायेने एकाच्या पाठीवर हात मारला, "शाबाश शेरा, शाबाश!" आणि अख्ख्या कंपनीची खीर जमिनीने प्यायली. आचारी पळी घेऊन उस्तादांना शोधत फिरत होता. "ओ जी, मुंडे नूँ शाबाशी वी ना दईये?" उस्ताद माझ्या दवाखान्यात पडद्यामागे दडून बसले होते. आत हसून हसून त्यांचे डोळे भरले होते, आणि मला खुणेने सांगत होते की पोराने मागे वळून बघितलं नाही, लक्षात आलं का?

त्यांना स्वतःलाही त्या थापेचं वेड लागलं होतं. थंडी पडल्यावर मी, ते, वहिनी आणि त्यांची आठवीतली लेक सेक्टर बावीसच्या बाजारात मफलर घ्यायला गेलो. दुकानदार मोठा हौशी. त्याने मफलर उस्तादांच्या गळ्यात टाकून, "देखो जी, कितना गरम है," म्हणत झोकात गाठ आवळली. उस्तादांनी त्याच्या हातावर दोन थापा दिल्या. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक खूश झालं, त्याने आणखी एक फास दिला. झालं. पुढची कितीतरी मिनिटं त्या गर्दीत उस्ताद त्याचा वर्ग घेत होते, "भाईसाब, दो बार मारा ना? तो फिर?" लेक दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. "मम्मी, पापा को बोलो ना, लोग देख रहे हैं." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बघूंदेत. ह्यांनी लग्नात हार घालताना मलाबी शिकवलंवतं, जरा ढिला घाल म्हणून."

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. शामियाना, गालिचे, पांढऱ्या आवरणांच्या खुर्च्या. जनरलसाहेब उंचपुरे, तरुणपणी कुस्ती खेळलेले. पोरांनी पकडी दाखवल्या. हात जागच्या जागी, थाप आली की लगेच सुटलेले. इतकं नेटकं चाललं होतं की मला डुलकी येऊ लागली. तेवढ्यात जनरलसाहेब उठले. "ये तो सब गले मिल रहे हैं. कुश्ती कहाँ है?" कॅप्टनसाहेबांचा चेहरा पडला. जनरलसाहेबांनी टोपी काढून त्यांच्या हातात दिली, मॅटवर आले आणि सगळ्यांत धिप्पाड पोराकडे बोट दाखवलं. "तू. मुझे पकड़."

तो ट्रॅक्टर होता.

बिचाऱ्याने काचेचं भांडं उचलावं तसा हात टाकला. सुतळी नेहमीप्रमाणे समोर चेहरा बघायला उभा राहिला. "ज़ोर से!" जनरलसाहेब म्हणाले. "नाश्ता नहीं किया?" ट्रॅक्टरने थोडा जोर केला. "और!" त्याने आणखी केला. साहेबांचा चेहरा आधी गाजराच्या रंगाचा झाला, मग बिटाच्या. थाप काही येईना. सगळ्या केंद्रादेखत थाप द्यायची म्हणजे पोरासोरापुढे हार कबूल करायची, आणि साहेबांचे दोन्ही हात हट्टाने खालीच होते. ट्रॅक्टरला मिळालेला शेवटचा हुकूम होता 'और', आणि तो देणाऱ्यापेक्षा वरचा माणूस त्या मैदानावर कुणी नव्हता. शामियान्यातल्या सगळ्या साहेबांच्या माना उस्तादांकडे वळल्या. उस्तादांचं तोंड उघडं होतं. त्यातून आवाज मात्र येत नव्हता.

सुतळीने मान वळवली नाही. तो दोन पावलं पुढे झाला आणि त्याने ट्रॅक्टरच्या दंडावर दोन थापा दिल्या. ट्रॅक्टरने हात सोडला. तिकडे, उस्तादांकडे, त्यानेही बघितलं नाही.

इतके दिवस रिकामा बसलेला मी, माझी वेळ आली म्हणून स्ट्रेचर घेऊन धावलो. गालिच्याच्या काठात स्ट्रेचरचा पाय अडकला आणि मी पेटीसकट जनरलसाहेबांच्या चकचकीत बुटांपाशी पालथा पडलो. साहेबांनी मान चोळत खाली बघितलं. "इनको क्या हुआ?" उस्तादांच्या वर्गातली पहिली आणि शेवटची केस मीच. गुडघा फुटला होता.

"थपकी किसने दी?" साहेबांनी विचारलं.

"मैंने, साहब," सुतळी म्हणाला. "आपकी तरफ़ से."

"मैंने कहा था?"

"नहीं साहब. आपके मुँह ने कहा."

"मैं जनरल हूँ. मालूम है?"

सुतळीने टाचा जुळवल्या, त्या मला जमिनीवरून अगदी जवळून दिसत होत्या. "जी साहब. पर थपकी के टाइम थपकी वाला जनरल होता है, साहब."

कॅप्टनसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि जनरलसाहेब हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. "तो आज मैदान में दो जनरल हैं. दोनों को चाय पिलाओ." जाताना ते कॅप्टनसाहेबांना म्हणाले, "ये क्लास जैसी है, वैसी ही चलेगी." उस्ताद मॅटवरच राहिले. ब्लँकेटं दुसऱ्याने मोजली.

त्या दिवसाची गोष्ट बराकींमधून फिरत फिरत मोठी होत गेली. पुढच्या तुकडीला ती कळली तेव्हा तिच्यात जनरलसाहेब बेशुद्ध पडले होते आणि मी त्यांना खांद्यावरून नेलं होतं. एक गोष्ट मात्र सगळे सारखीच सांगत: उस्ताद मुद्दाम गप्प बसले. साक्षात जनरलच्या गळ्यावर त्यांनी पोरांची परीक्षा घेतली. काय काळीज म्हणावं! उस्ताद हे ऐकून मिशीत हसायचे, हो-ना काही म्हणायचे नाहीत.

वर्ष सरलं. चंदीगड स्टेशनवर दिल्लीच्या गाडीत त्यांच्या ट्रंका चढवल्या. वहिनींनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ठेवली, लेक खिडकीपाशी बसून मैत्रिणींचे मेसेज वाचत रडत होती. गाडी सुटायला थोडा वेळ होता. इतके दिवस पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं, "उस्ताद, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही पोरांची परीक्षाच बघत होता ना?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मला जवळ ओढलं.

"कसली परीक्षा, डॉक्टर? घाबरलो हुतो. जीभ टाळूला चिकटली. म्हटलं, जनरल पडतोय, संगट आपली पेन्शन बी पडतीया. तोंडातनं 'सोड' निघंना."

मला हसू आवरेना. तेही हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

"पन त्या दोघास्नी कळलंच न्हाई की, मी घाबरलोय ते. कारन त्यातल्या एकानं बी माझ्याकडं बघितलं न्हाई."

गाडी हलली. मी बरणी पोटाशी धरून तिच्याबरोबर थोडं धावलो आणि मग उभा राहिलो. इतकं मोठं बक्षीस घेऊन गावी जाणारा फौजी मी दुसरा पाहिला नाही.