तीनदा हाकललेली मर्सी

लव्हिना स्प्रेगनं तीस वर्षं आमच्या हार्टवेल गावच्या पहिल्या घराण्यांच्या मंडळाला वर्धापनदिनी घेवडा शिजवून घातला, आणि तीसही वर्षं स्वतः चुलीपाशी उभ्यानं खाल्ला. मंडळाच्या टेबलाला बसायचं तर पूर्वज सतराशे सालाआधी गावात राहिलेला पाहिजे. त्या टेबलावरच्यांचे पूर्वज समदे कॅप्टन, न्हाईतर चर्चचे कारभारी. मग तेव्हा गावची डुकरं कोण राखत होतं, देव जाणे.

सत्तरी गाठल्यावर लव्हिनानं हट्ट धरला. मरायच्या आधी एकदा तिथं बसून जेवायचं. गावची जुनी दप्तरं माझ्या ताब्यात, म्हणून ती माझ्या बोकांडी बसली. तिच्या घरच्या बायबलात मर्सी नावाच्या बाईपासून सगळ्या पिढ्या ओळीनं लिहिलेल्या. मर्सी हितं राहत होती, एवढाच कागद हवा होता.

"आमची आजी सांगायची, मर्सी हितलीच."

"आजीच्या सांगण्यावर खुर्ची मिळत न्हाई, बाई."

"मग हुडक की! नुसती खुर्ची उबवतोस व्हय?"

जन्म, लग्नं, थडगी, कुठंच मर्सी नाही. आठव्या दिवशी हवालदाराच्या वहीत घावली. साल सोळाशे एक्क्याण्णव. 'परगावची मर्सी. नवरा नाही, पदरी एक पोर. गावाच्या गळ्यात पडेल. चौदा दिवसांत निघून जावे.' गरीब परका आला, की त्याच्या दारात असा हुकूम वाचायची तेव्हाची रीत. खाली सही हवालदार ओबडाया थॉर्नडाइकची. मंडळाच्या अध्यक्षा ऑगस्टाबाई त्याच्याच वंशातल्या.

"ऱ्हाऊ दे, लव्हिना," मी म्हणालो. "नव्या सभासदाला कागद भर पंगतीत वाचावा लागतो. अब्रू जाईल."

"पान उलट," ती म्हणाली.

उलटलं. ब्याण्णव साली तोच हुकूम. चौऱ्याण्णवला पुन्हा, आता पोरं दोन.

वर्धापनदिनाला कोंबड्यांना हाळी घालायच्या आवाजात तिनं तिन्ही हुकूम वाचले. ऑगस्टाबाईंचा चेहरा आंबला.

"हे तर हाकलल्याचे कागद. राहिल्याचा पुरावा कुठं आहे?"

"बाई, पयल्या हुकमाला ती गेली आसती, तर तुमच्या ओबडायानं दुसरा कुणाच्या दारात वाचला? आन् तिसरा?"

कुणीतरी रुमालात फिसकलं.

"त्यांनी आपलं कर्तव्य केलं!"

"केलं की. दर खेपंला पोरं बी मोजून गेला."

नियमापुढं इलाज नव्हता. टेबलाच्या पार टोकाला खुर्ची मांडली गेली. लव्हिना बसली, झगा चापून नीट करून. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की स्वयंपाकघरात कुणीच नाही. ऑगस्टाबाई स्वतः उठल्या आणि घेवड्याचं मडकं घेऊन आल्या. बुडाशी पुरतं करपलं होतं.

लव्हिनानं दोनदा मागून घेतलं. बसल्या जागेवरनं.