भाकरीचं कार्ड

घरात खिळा ठोकायला सांगा, मला जमणार नाही. पण पुठ्ठा, कात्री आणि डिंक हातात द्या, मी जेवायचंही विसरते. यंदा शाळेत मूल्यशिक्षणाच्या साहित्याचं प्रदर्शन होतं. मी सर्वधर्मांचा कार्डखेळ बनवला. फळ्यावर धर्मांच्या पट्ट्या. मुलांनी त्याखाली सण, प्रार्थनेची जागा, जेवण आणि भाषा यांची कार्डं लावायची. हिंदूंखाली भाकरी आणि मराठी, मुसलमानांखाली बिर्याणी आणि उर्दू. चुकलं तर मुलांनाच कळावं म्हणून कार्डांच्या मागे रंग दिले. हिंदूंचा केशरी, मुसलमानांचा हिरवा. काय पण डोकं चालवलं होतं मी!

माझ्या चौथीच्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी आहे. मुसलमान, भिवंडीतल्याच जुन्या घरातली, वडिलांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग आहेत. सराव करताना तिनं मुसलमानांच्या पट्टीखाली भाकरी लावली आणि शेजारी मराठी. वर्ग फिदीफिदी हसला.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" मी खेकसलेच. माझ्या जिभेला हाड नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

"बाई, पण आमच्या घरी..."

"घरचं राहू दे. कार्ड उलट कर. रंग कुठला?"

"केशरी."

"मग?"

तिनं मुकाट्यानं कार्डं बदलली. त्यानंतर तिचं एकदाही चुकलं नाही.

प्रदर्शनात खेळ दाखवायला मी तिलाच निवडलं. हुशार आहे म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मुसलमान मुलगी सर्वधर्मांचा खेळ दाखवतेय, हे पाहुण्यांना किती छान दिसेल, असा माझा हिशोब होता. तिची आई आली. मी नेहमीसारखं "आइए आइए, बैठिए" करत तिला मागच्या बाकावर बसवलं.

पोरीनं भराभर सगळी कार्डं लावली. पाहुण्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "बाळ, यातलं तुझ्या घरी काय काय असतं गं?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. म्हणाली, "बिर्याणी असते. आणि आम्ही उर्दू बोलतो." टाळ्या पडल्या, खेळाला बक्षीस जाहीर झालं, आणि मी लग्नघरातल्या वरमाईसारखी मिरवत उभी राहिले.

गर्दी पांगल्यावर आई माझ्यापाशी आली. "बाई, माझी पोर खोटा का बोलली?" ती हळूच म्हणाली. "आमच्या घरान उर्दू कोनाला येत न्हाय. सकाली भाकरी न सुकट खाऊन आली ती."

माझे कान तापले. हे तर माझ्या आईचं बोलणं! भिवंडीजवळच्या कोन गावात, आमच्या घरात मी हेच ऐकत वाढले. वर्षभर मी या बाईशी हिंदीत बोलत होते आणि तीही बिचारी माझ्यासाठी मोडकंतोडकं हिंदी जुळवत होती. बुरखा दिसला की माझी हिंदी सुरू, तिला कधी विचारलंसुद्धा नाही. आणि माझ्या स्वतःच्या डब्यात त्या दिवशी काय होतं? भाकरी आणि सुकट! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तिचं काही चुकलं नाही हो," मी कसंबसं म्हणाले. "मीच तसं शिकवलं."

तिनं पोरीचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिचा हात धरून निघून गेली. बक्षिसाचं प्रमाणपत्र हातात घेऊन मी तिथंच उभी होते. एवढी लाज मला आजवर कशाची वाटली नव्हती.

सोमवारी मी वर्गात कोरी कार्डं वाटली. म्हटलं, आज पट्ट्या नाहीत, रंग नाहीत. आपापल्या घरी काय खातात, काय बोलतात ते काढा. वर्ग खूश. कुणी मॅगी काढली, कुणी भांडणारे आजी-आजोबा काढले. ती मात्र पेन्सिल धरून बसून राहिली. तास संपत आला तरी कार्ड कोरंच.

मी तिच्या शेजारी बसले. "काढ ना गं बाळा. आज काहीच चूक नाही."

तिनं कार्ड उलटं करून पाहिलं, मग परत सरळ केलं.

"बाई," ती म्हणाली, "मागे रंगच नाहीये. मग माझ्या घरी काय असतं, ते मला कसं कळणार?"