टिकलीत औषध नव्हतं

मित्रमैत्रिणींनो, कराडच्या सायबर कॅफेतून लिहितेय. मन थाऱ्यावर नाही.

माझा प्रकल्प तुम्हाला माहीत आहे. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून गालाच्या आत चिकटवायची, हळूहळू औषध सोडणारी चकती. त्यात अजून औषध घातलेलं नाही. ती किती वेळ चिकटून राहते, एवढंच आम्ही बघतोय.

परवा गावी काकूने हौसेने एक लावून घेतली. लावताना तिच्या गालातला चट्टा दिसला. आज तिला सांगलीला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं.

सकाळी पोचले, तर काकू चुलीपुढे तंबाखूची मिश्री भाजत बसलेली.

"काकू, आवरलं नाही अजून? एसटी येईल."

"आता सांगली कशाला? तुझी टिकली लावली की."

"अगं, त्यात औषध नव्हतं. सांगितलं होतं ना?"

काकू हसली. "औषध नसतं तर चिकटली असती व्हय? जेवले तरी हलली न्हाई."

"आणि ही मिश्री?"

"ती दुसऱ्या गालाला लावती."

मी खूप समजावलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घरात पयली शिकल्याली तू. तुझ्या हातचं वाया जाईल व्हय?"

एसटी निघून गेली.

चकती जेवतानाही टिकली, हे ऐकून माझे सर खूश होतील. मला मात्र रडू येतंय. तिचा माझ्यावरचा विश्वास मोडल्याशिवाय तिला सांगलीला कसं नेऊ? कुणाला सुचलं तर आजच लिहा. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.