नुसतं बघायचं

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि एकदम करुणामय झाले. जन्मभर चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर कप आपटणारा हा माणूस दर रविवारी टेंपोत बसून सारनाथला जाऊ लागला. तिथे एक वृद्ध बौद्ध भिक्खू, भंतेजी, ध्यान शिकवायचे. काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीतल्या वेदपाठी शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. मला त्याचं काही नव्हतं. पण घरी येऊन बाबा आम्हाला शहाणं करायला बसायचे, त्याचा संताप यायचा. चहा आता ते सावकाश, एकेका घोटाकडे लक्ष देऊन प्यायचे. करायची मात्र आईच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात आईच्या पोटात उजवीकडे दुखू लागलं. जेवण झालं की ती ओट्याला धरून उभी राहायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

"अगं, वेदनाच ना?" बाबा म्हणाले. "भंतेजी सांगतात, वेदना को बस देखो. नुसतं बघायचं. येते, राहते, जाते."

आईने त्यांचं कधी मोडलं नव्हतं. तीही डोळे मिटून बघत बसली.

मग तीन आठवडे रोज भांडण. मी मुलींच्या इंटर कॉलेजात शिकवायचे, वादात कुणाला हार जायची नाही. "साऱ्या प्राणिमात्रांवर करुणा करता, त्यात आई येते की नाही?" मी ओरडायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! "क्रोध हे विष आहे," बाबा डोळे न उघडता म्हणायचे, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मधे बसलेली आई पुटपुटायची, "भांडू नका रे. थोडं दर्द आहे, होईल ठीक."

एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. गल्लीत रिक्षा येत नाही. बाबांनी आणि मी तिला धरून, दर दहा पावलांवर थांबत, सडकेपर्यंत चालवत नेलं. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. डॉक्टर आमच्यावर कडाडले, "इतने दिन क्या देख रहे थे आप लोग?"

बाबांनी मान खाली घातली. खरं उत्तर त्यांच्यापाशी होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी भंतेजींना फैलावर घ्यायला सारनाथ गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, पालि में वेदना माने सिर्फ़ दर्द नहीं," ते म्हणाले. "जो भी महसूस हो। यह धूप भी वेदना है। दर्द हो तो डॉक्टर के पास जाते हैं।" चीवर जरा वर करून त्यांनी गुडघ्याला बांधलेला पट्टा दाखवला.

माझा राग उतरला नाही, उलट भडकला. एका शब्दापायी आई मरणाच्या दारात जाऊन आली होती! बाबांना हे कसं ऐकवायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.

"माताजी ने आज कुछ खाया?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. सकाळी इस्पितळात बाबांना एक टोमणा मारून मी तशीच निघाले होते. टेंपोत परतताना एकेक गोष्ट टोचू लागली. सडकेवर रिक्षा पहिल्या दिवशीही उभी होती. मी कमावती होते, आईला न्यायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण मला बाबांना हरवायचं होतं. ते हो म्हणेपर्यंत मी आईला तशीच बसवून ठेवली होती. आता मला माझाच इतका राग आला की शेजारची बाई सरकून बसली.

इस्पितळात बाबा बाकावर बसले होते. त्यांना ओलांडून मी थेट आईच्या खाटेपाशी गेले.

"आई, दुखतंय का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "विचारलं बाई कुणीतरी," ती म्हणाली. "हो. खूप दुखतंय."