गुरुजींचं शैशव

शैशव या शब्दाचा खरा अर्थ अख्ख्या वऱ्हाडात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरी भाडेकरू होतो. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अकोल्याहून बदली होऊन मी अमरावतीला आलो. घरमालक म्हणजे प्राथमिक शाळेतले निवृत्त हेडमास्तर. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमचं शैशव कुठी गेलं?" मी मोठ्या उत्साहाने मोर्णा नदीत पोहायला शिकलो ते सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हे तुमाले आठवते न? मंग ते शैशव नाही. ते बालपण. आपल्याले आठवत नाही, पन दुसऱ्या कोनाले तरी आठवते, ते शैशव!" एवढं सांगून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

या व्याख्येत तसूभरही ढिलाई त्यांना खपत नसे, आणि ती करणाऱ्याचा हुद्दा ते पाहत नसत. एकदा गावातल्या एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्ष म्हणाले की आपली संस्था अजून शैशवात आहे, सभासदांनी सांभाळून घ्यावं. गुरुजी मागच्या रांगेतून उठले. "अध्यक्षसाहेब, संस्थेले अकरा वर्सं झाली. अकरा वर्साच्या पोराले मी चौथीत बसवत होतो." सभा हसली, अध्यक्षही हसले, गुरुजी मात्र उत्तर येईपर्यंत उभेच राहिले. शेवटी अध्यक्षांनी तो शब्द मागे घेतला आणि त्यानंतरच चहा आला.

तान्ह्या पोळ्याला तर त्यांचं दार म्हणजे परीक्षाकेंद्रच व्हायचं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून दारोदार हिंडतात आणि घरोघरी त्यांना बोजारा म्हणून काहीबाही खाऊ मिळतो. गुरुजी फुटाण्यांची परात घेऊन ओट्यावर बसत आणि प्रत्येकाला विचारत, "काल काय जेवला रे?" "पुरनपोळी," असं उत्तर आलं की निकाल लागला. "तुले आठवते म्हनजे तू तान्हा नाही. चाल, पुढं हो." जे नुसतं टकमक बघत राही त्याला मूठभर फुटाणे मिळत. पुढच्या वर्षी झालं असं, की पोळ्यासारखा सण होऊन एकच रात्र उलटली होती, तर सगळ्या गल्लीची आठवण गेलेली. मिसरूड फुटलेले दोन जणसुद्धा काखेत नंदी घेऊन मुक्यासारखे उभे होते. गुरुजींनी परात रिकामी केली आणि घरात जाऊन आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "यंदा शैशव लयच वाढलं."

हसत होतो आम्ही सगळेच. पण त्या व्याख्येची खरी अडचण एकट्या गुरुजींना होती. ते चालायला लागण्याआधीच तापाच्या साथीत आईवडील दोघंही गेले. दर्यापूरचं घर मोडलं आणि चांदूर रेल्वेच्या मामांनी त्यांना वाढवलं. मामा पोटाला देत, पण बोलत नसत. त्यामुळे गुरुजी केव्हा रांगले, कशाला हसले, कोणाच्या मांडीवर झोपले, हे सांगणारं कोणीच नव्हतं. "कोनापाशी तरी असंनच ना माहं शैशव," असं ते दुसऱ्याच्या घरी राहिलेल्या छत्रीविषयी बोलावं तसं म्हणत. दर्यापूरचा माणूस भेटला की ते त्याला घरी आणत. काकू म्हणायच्या, "दर्यापूरच्या यष्टीतून उतरनाऱ्या हरेकाले मी चहा पाजला आहे."

आणि एके दिवशी तिकडून निरोप आला. गुरुजींच्या आईच्या शेजारी राहणारी एक म्हातारी अजून हयात होती. गुरुजींनी कोट घातला, मला सोबत घेतलं, आणि आम्ही पहिल्याच गाडीने निघालो.

म्हातारी ओसरीत बसली होती. डोळे जवळजवळ गेलेले. गुरुजींनी ओळख सांगताच तिने चाचपडत त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "लेकरा, आलास का रे! लय खोडीचा होता तू. पाळन्यात राहेच ना. तुही माय दळाले बसली का मीच घ्यावं तुले मांडीवर. डाव्या टाचेवर लाल डाग होता तुह्या, चिंचोक्याएवढा. मी त्याच्यावर बोट ठेवलं का खुदकन हसे तू. हाय का रे तो डाग?"

मी चपापलो. चार वर्षं रोज सकाळी नहाणीच्या दगडावर पाय घासताना मी त्यांना पाहत होतो. दोन्ही टाचा भेगाळलेल्या होत्या, डाग कुठेच नव्हता. हे लेकरू दुसऱ्याच कोणाचं होतं. आता गुरुजी हात वर करणार, या भीतीने मी त्यांच्याकडे पाहिलं.

गुरुजींनी हात वर केला नाही. ते म्हणाले, "हाय माय. हाय अजून."

म्हातारीने आत चाचपडून एक लाकडी नंदी आणला, एक शिंग मोडलेला, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. परतीच्या गाडीत गुरुजींनी तो पिशवीत घातला नाही. वलगाव मागे पडल्यावर, मी काही विचारलं नसताना, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिनं इतकी वर्सं सांभाळून ठेवलं होतं. न्याले कोनी आलं नाही. मंग मी आनलं."

पुढच्या तान्ह्या पोळ्याला तो नंदी ओट्यावर होता, गळ्यात झेंडूची माळ घालून. गुरुजींनी कोणाला प्रश्न विचारले नाहीत. जो आला त्याला फुटाणे दिले. सभांमधूनही ते उठेनासे झाले. मात्र लेकराबाळांचा विषय निघाला की ते कोणाला तरी सांगत, की लहानपणी आपण मोठे खोडकर होतो, आणि डाव्या टाचेवरच्या डागावर कोणी बोट ठेवलं की खुदकन हसत असू. पुढे सात वर्षं मी त्या घरात राहिलो आणि हे अनेकदा ऐकलं. ऐकताना मी त्यांच्या पायांकडे कधी पाहिलं नाही.