काळ्या दोऱ्याचं पिल्लू

"पहिले हात धुवा," हे अक्कांचं स्वागत. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं त्यानंतर. मेहरूणमध्ये आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. फाटकातून शिरलं की डाव्या हाताला नळ, नळाशी साबणाची वडी आणि ओट्यावरच्या पिकोच्या मशीनमागून अक्कांची नजर. कोणी नुसतेच हात ओले केले तर त्या न बोलता साबणाकडे बोट दाखवायच्या. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचा माणूस गाडीतून उतरून तसाच ओट्यावर चढला. अक्कांनी त्याला परत फाटकापर्यंत पाठवला. गल्ली बघत होती, म्हणून त्याने कोपरापर्यंत धुतले.

साड्यांना पिको-फॉल करून त्यांचं घर चालायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा चटईच्या कारखान्यात होता. आणि राणी नावाची एक पांढरी पॉमेरियन कुत्री होती. वर्षाला तिचं एकच वेत, तेही तिची तब्येत पाहून. पिल्लं झाली की अक्का पिकोचं काम अर्ध्यावर आणायच्या. बायका साड्यांसाठी खेटे घालून कंटाळायच्या. आमची मंडळीही त्यांतलीच.

नुकतं जन्मलेलं पिल्लू तुम्ही पाहिलंय का? डोळे मिटलेले, कान चिकटलेले, अंगात स्वतःची ऊबसुद्धा नाही. अक्का एकेकाला उचलून गालाला लावायच्या. गाल हा त्यांचा थर्मामीटर. गार लागलं की जुन्या साडीत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची. दांडग्या पिल्लांना टोपलीत बाजूला काढून अशक्त पिल्लाला मागच्या आचळांशी लावायचं, कारण दूध तिथे जास्त. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन. हे सगळं त्या कुठे शिकल्या म्हणून मी एकदा विचारलं. "दोन पोरं गमावली मी, सर. तिसरं जगवलं. त्यातच शिकले," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मी शाळामास्तर होतो, म्हणून त्या मला सर म्हणायच्या.

आता दोऱ्यांचं सांगतो. पांढरी पिल्लं सारखीच दिसतात, म्हणून अक्का प्रत्येकाच्या गळ्यात निराळ्या रंगाचा दोरा बांधायच्या. पिकोच्या रिळातला, चार पदरी वळलेला. लाल, हिरवा, पिवळा, निळा. सगळ्यांत अशक्त असेल त्याला काळा, म्हणजे ओट्यावरूनसुद्धा चटकन दिसावं. पिल्लं भराभर वाढतात आणि तो दोरा काही तुटणारा नव्हे. म्हणून दर तिसऱ्या दिवशी त्या करंगळी घालून बघायच्या, घट्ट वाटला की सोडून नवा बांधायच्या. पिल्लू द्यायच्या दिवशी दोरा स्वतःच्या कात्रीने कापायच्या आणि मगच ते दुसऱ्याच्या हातात. दोरा दुसऱ्या कोणी कापायचा नाही, मुलानेसुद्धा नाही.

आणि द्यायचं ते दोन महिन्यांनीच. त्याआधी मागणाऱ्याला वाटेला लावायच्या. घरी दुपारी कोण असतं, कुलूप लागतं का, मुलं किती लहान, अशी चौकशी चालायची. आम्ही त्यांना चिडवायचो की अक्का, मुलीला स्थळ बघताना बाप एवढं विचारत नाही. त्या म्हणायच्या, "बापनी इचाराले पाहिजे व्हतं." शिंदखेड्याचं माहेर, मनातलं काही बोलल्या की बोली बाहेर यायची. अभिमान एकच होता त्यांना. माझ्या हातून गेलेलं एकही पिल्लू मेलं नाही, असं त्या सांगायच्या आणि ते खरं होतं.

राणीच्या एका वेताला पाच पिल्लं झाली. शेवटचं अगदी मूठभर आणि गार. अक्कांनी ते तीन दिवस पोटाशी, पदराच्या आत बाळगलं. दर दोन तासांनी कापसाच्या बोळ्याने दूध. ते जगलं. हे मात्र कोणाला द्यायचं नाही, असं त्यांनी गल्लीत जाहीर करून टाकलं.

माझी मुलगी धुळ्याला दिलेली. नातीचा आठवा वाढदिवस आला होता आणि व्हिडिओ कॉलवर तिने नेमकं तेच पिल्लू पाहून हट्ट धरला होता. पिल्लं तेव्हा सव्वा महिन्याची होती. त्याच आठवड्यात अक्कांचा भाऊ वारला आणि त्या शिंदखेड्याला गेल्या. मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा कामावर निघायच्या घाईत होता. अक्कांशी फोनवर बोलणं झालंय, असं मी त्याला सांगितलं. मी त्याला सातवीत शिकवलं होतं. त्याने विश्वास ठेवला. पिल्लू मी पिशवीत घातलं, गळ्यातल्या दोऱ्यासकट.

धुळ्यात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू. अक्कांनी आशीर्वाद देऊन पाठवलंय, असंही मी तिथे ठोकून दिलं. थाप एकदा मारली की ती सजवावीशी वाटते. विहीणबाईंनी गळ्यातला काळा दोरा पाहिला आणि म्हणाल्या, बाईने नजर लागू नये म्हणून बांधून दिलाय, किती मायेची बाई. मी मान डोलावली.

बाराव्यानंतर अक्का परतल्या. ओट्यावर न चढता आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी तयारीत होतो. चेहरा उतरलेला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "दोरा काढला ना?"

"हो, त्याच दिवशी," मी म्हणालो.

"मग झालं. एक फोन तं करता, सर," म्हणाल्या आणि गेल्या.

मी लगेच मुलीला फोन केला, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच. ती म्हणाली, बाबा, सासूबाई दोरा काढू देत नाहीत, अक्कांनी नजरेसाठी बांधलाय म्हणतात. दोरा कशाचा, हे सांगायचं तर पिल्लू कसं आणलं तेही सांगावं लागलं असतं. शिवाय मुलीच्या सासरी एका दोऱ्यावरून शब्द नको. विहीणबाईंना माझ्या तोंडून खोटं पाडायचं? असू दे मग, म्हणालो. सैलच आहे, काय होतंय.

पिल्लू गुटगुटीत झालं. केस वाढले, दोरा केसांत गेला, वरून नातीने लाल पट्टा घातला. महिनाभराने मुलीचा फोन आला की ते खात नाही आणि अंगाला वास येतो. कान फुटला असेल, असं मी इथून निदान केलं. डॉक्टरांनी मानेवरचे केस कापले तेव्हा दोरा दिसेना. तो मांसात गेला होता, सबंध गळाभर. चार दिवस सलाईन लावलं. पाचव्या दिवशी ते गेलं.

अक्कांना सांगायला मी स्वतः गेलो. त्या मशीनवर होत्या, मोरपंखी साडी अर्धी झाली होती. पिल्लू गेल्याचं सांगितलं. कशानं, म्हणाल्या. दोरा राहिला होता, मी म्हणालो. मशीनचं पायडल थांबलं. तेवढ्यात राणी येऊन माझे पाय हुंगू लागली. तिला हात लावायला मी वाकलो, आणि सवयीने आधी नळाकडे वळलो.

"राहू द्या, सर," अक्का म्हणाल्या. "आते धुईसन काय करशात?"

मी हात न धुता घरी आलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. गल्लीत लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की पिल्लू आजारी होतं, हगवण लागून गेलं. मला वाटलं, अक्का हे खोडून काढतील. त्यांनाही लोकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, सर सांगतात तसंच झालं. का म्हणाल्या, ते मी आजवर विचारलेलं नाही. माझी लाज राखली असेल. किंवा त्या पिल्लाच्या गळ्याबद्दल त्यांना कोणापुढे बोलायचंच नसेल.

पण शब्द गल्लीतून मेहरूणच्या तलावावर फिरायला येणाऱ्या लोकांपर्यंत गेला. अक्कांची पिल्लं आजारी असतात, जगत नाहीत. पुढच्या वेताला चौकशीला एकच माणूस आला आणि तोही हात न धुता फाटकाबाहेरूनच बघून गेला. अक्कांनी त्याला काही म्हटलं नाही. ती पिल्लं शिंदखेड्याला नात्यात वाटली. त्यांच्या गळ्यात दोरे नव्हते. प्रत्येकाच्या कपाळावर निरनिराळ्या रंगाचा ठिपका होता. मागच्या दिवाळीआधी त्या स्वतःही राणीला घेऊन शिंदखेड्याला, वारलेल्या भावाच्या घरी राहायला गेल्या. मशीन टेम्पोत चढवायला मी पुढे झालो. मुलाने "असू द्या सर" म्हणून एकट्याने उचललं. त्याला सगळं माहीत असावं. अक्का टेम्पोत समोर बघत बसल्या होत्या.

तुमच्यापैकी कोणी मेहरूणकडचं असेल आणि अक्कांची पिल्लं जगत नाहीत असं कधी कानावर आलं असेल, तर ते माझ्या तोंडून निघालं. त्यांच्या हातून गेलेलं एकही पिल्लू मेलं नव्हतं. जे मेलं ते त्यांच्या हातून गेलंच नव्हतं. ते मी नेलं होतं.